मैद्याच्या पोत्याची चड्डी, अन् तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी एक फोटो दिला होता. माझी भाची कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात राहते, तिनं तिथल्या एका खेड्यातल्या छोट्याशा म्युझियममध्ये काढलेला. काचेच्या पेटीत एका पोरीची चड्डी, पांढरी, कमरेला नेफा अन् नाडी, आणि मागं बसायच्या जागी नीट पाहिलं की फिकट निळी अक्षरं. मैद्याच्या पोत्यातून शिवलेली. खाली मी चारच ओळी लिहिल्या होत्या, की दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, म्हणजे १९१८ ते १९३९, तिकडच्या खेड्यातली कष्टकरी घरं लेकरांना असंच जोडून-जाडून घालायची. मला वाटलं लोक पाहतील अन् पान उलटवतील. तर इतकी पत्रं आली की या महिन्याचं अख्खं सदर त्यातच गेलं. भाचीला वेळी-अवेळी फोन करून मी तिचं डोकं खाल्लं, थोडं माझं आधीचं वाचलेलं होतं, अन् शिवणीतलं म्हणाल तर तीस वर्षं क्लास चालवला, त्यातलं मला कोणी सांगायची गरज नाही. तर घ्या.

ताई, पोत्याची चड्डी म्हणजे टोचत नसेल का? अन् छाप कसा काढायचे? आमच्या घरी खताची पोती बम पडली आहेत, त्यातून लेकरांचं काही शिवता येईल का?
— एक गृहिणी, दारव्हा

आधी तुमच्या खताच्या पोत्यांचं सांगते, नको माय. ते प्लास्टिकचं विणलेलं असते, हवा जात नाही, अन् कितीही धुवा त्यात खताचा अंश राहतोच. लेकराच्या अंगाला तर बिलकुल लावू नका.

तिकडचं पोतं सुती होतं, आपल्या मांजरपाटासारखं. पीठ यायचं ९८ पौंडाच्या पोत्यात, म्हणजे साडेचव्वेचाळीस किलो. आता हा ९८ चा विचित्र आकडा कुठून आला, तर पूर्वी पीठ लाकडी पिंपात भरायचे, एका पिंपात १९६ पौंड, त्याचं हे अर्धं. त्याहून लहान ४९ चं अन् २४ चं. मोठं पोतं उसवून उलगडलं की साधारण वारभर कापड निघते, अन् मोठ्या घरात हिवाळा काढायचा म्हणजे पोत्यांची थप्पीच लागायची, म्हणजे बाईच्या दृष्टीनं पीठही आलं अन् तागाही आला.

पहिलं काम उसवायचं. पोत्याचं तोंड साखळीटाक्यानं शिवलेलं असते. बरोबर टोक सापडलं तर एका झटक्यात सर्रर्र करत सगळा दोरा हातात येतो, चुकीचं टोक ओढलं की गाठ बसते, मग बसा कात्री घेऊन. ढेपेचं पोतं उघडणाऱ्या कोणालाही हे माहीत आहे. तो दोरा फेकत नव्हते, गुंडा करून ठेवायचे, गोधडीला अन् क्रोशाच्या कामाला यायचा.

मग छाप. पोतं पहिले थंड पाण्यात भिजू घालायचं, कारण आत पिठाचा अंश असतो, एकदम गरम पाणी ओतलं तर त्याची खळच तयार होते. अक्षरांवर डुकराची चरबी नाहीतर रॉकेल चोळून रात्रभर ठेवायचं. सकाळी घरीच बनवलेल्या कॉस्टिकच्या साबणात चुलीवर मोठ्या भांड्यात उकळायचं, घासायच्या फळीवर घासायचं, मग उन्हात गवतावर पसरायचं, थंडीत बर्फावर. एकदा करून भागत नाही, तीन-तीन चार-चार वेळा. एवढं केलं की कापड इतकं मऊ येते की टोचायचा प्रश्नच नाही, विकतच्यापेक्षा मऊ. त्यातून पोरींच्या चड्ड्या, शमीज, पोरांचे सदरे, बाळाचे लंगोट, उशीचे अभ्रे, भांडी पुसायचे फडके, सगळं व्हायचं. कांद्याची टरफलं उकळून नाहीतर बाजारातली रंगाची पुडी आणून रंगवलं की वरच्या फ्रॉकलाही चालायचं.

पण शाई काही वेळा जातच नाही. तिकडं रॉबिन हूड नावाचा मैदा फार चालायचा, त्याची गिरणी सस्कॅचेवानमध्येच मूस जॉ नावाच्या गावी १९०९ ला सुरू झालेली, दुसरा असाच गाजलेला फाइव्ह रोझेस. त्यामुळं तिथल्या म्हाताऱ्या माणसांत हा विनोद ठरलेलाच, की पोरगी बर्फावरून घसरून पडली अन् साऱ्या शाळेला रॉबिन हूडचं दर्शन झालं.

हसू नका, माझंच सांगते. माझ्या मायनं गावातल्या बेकरीवाल्याकडून मैद्याचं पोतं मागून आणलं अन् मला फ्रॉकखाली घालायला शमीज शिवली. धुतली तिनं चांगली, पण पाठीवर लाल रंगात तीन इंग्रजी अक्षरं राहिली ती राहिलीच. मी तेव्हा पाचवीत. पाचवीतच आम्हाला नुकती एबीसीडी शिकवलेली, म्हणजे चौथीत असती तर कोणाला वाचताच आलं नसतं. पावसात फ्रॉक भिजून अंगाला चिकटला अन् मागच्या बाकावरच्या पोट्ट्यांनी अक्षराला अक्षर जोडत मोठ्यानं वाचलं, 'नेट'. वर्गानं वाचलेला तो पहिला इंग्रजी शब्द असेल. सातवीपर्यंत माझं नाव नेट. आता नातू म्हणतो आजी, तू तर इंटरनेट यायच्या आधीची नेट. कापडानं मला कधी त्रास दिला नाही हो, मऊसूत होतं, त्या तीन अक्षरांनी दिला. अन् मायला मी हे कधी सांगितलंही नाही, कारण तिनं ते पोतं चार वेळा उकळलेलं मी डोळ्यानं पाहिलं होतं.

आमच्या भूगोलाच्या सरांनी सांगितलं की तिथं उणे चाळीस होते. एवढ्या थंडीत मुलं शाळेत कशी जायची? स्वेटर किती घालायची?
— सातवीतला एक विद्यार्थी, चिमूर

बेटा, सर बरोबर सांगतात. उणे चाळीसची गंमत माहीत आहे का, सेल्सियसमध्ये मोजा की फॅरेनहाइटमध्ये, आकडा तोच येतो. आपल्याकडं आठ-दहा डिग्री झालं की शेकोटी पेटते अन् कानाला मफलर, तिथं लेकरं दोन-दोन तीन-तीन मैल चालत, कधी घोड्यावर, कधी घसरगाडीत बसून शाळेला जायची.

आतून बाहेर असं सांगते. सगळ्यात आत गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध असा लांब बाह्यांचा पोशाख, लोकरीचा नाहीतर आतून मऊ लव असलेल्या सुती कापडाचा. समोर बटणं, अन् मागं बसायच्या जागी एक झापड, तिलाही बटणं, म्हणजे बाहेर जायची वेळ आली तर थंडीत सगळं उतरवायला नको. नोव्हा स्कोशिया प्रांतात ट्रूरो गावची स्टॅनफील्ड कंपनी यासाठी प्रसिद्ध, आकसत नाही ही त्यांची जाहिरात. हा पोशाख थंडी सुरू झाली की चढायचा अन् बऱ्याच घरी २४ मे ला, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाच्या सुटीपर्यंत उतरायचा नाही. म्हणजे तोच एक सहा महिने नाही रे, धुवायला बदलायचे.

त्याच्यावर लांब मोजे, तपकिरी नाहीतर मळकट पिवळसर, मांडीपर्यंत. ते वर धरून ठेवायला आत एक बंडी, तिला लोंबणारे इलॅस्टिकचे पट्टे अन् पट्ट्याला चिमटा. आता अडचण बघ. आतल्या पोशाखाचा पाय घोट्याजवळ सैल झालेला असतो, तो एका बाजूला दुमडून हातानं गच्च धरायचा अन् त्याच्यावरून मोजा ओढायचा. हात सुटला की सगळं वर गोळा. आईनं नीट केलं तरी शाळेत पोहोचेस्तोवर पायाला गाठी-गाठी दिसायच्या. तिथल्या आजीबाईंना विचारलं लहानपणी काय नकोसं होतं तर भूक, थंडी सांगायच्या आधी हे तपकिरी मोजे सांगतात. वसंत लागला की पोरी घर नजरेआड झाल्याबरोबर रस्त्यातच थांबून आतला पाय गुडघ्याच्या वर गुंडाळायच्या अन् घरी येताना परत खाली.

हाताला विणलेले मोजे, सगळी बोटं एकत्र अन् अंगठा तेवढा वेगळा, कारण बोटं एकमेकांना गरम ठेवतात. ते हरवू नये म्हणून दोन्ही मोजे एका लांब दोरीनं जोडून दोरी कोटाच्या एका बाहीतून घालून पाठीमागून दुसऱ्या बाहीतून काढायची. पायात आत दोन-तीन लोकरी मोजे अन् वर नमद्याचे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे बूट, नाहीतर तिथल्या मूळ आदिवासी लोकांकडून घेतलेले मऊ कातड्याचे मोकासिन. कडक कोरड्या थंडीत चामड्याचा बूट लाकडासारखा होतो, मोकासिनमध्ये बोटं हलवता येतात. शाळा एका खोलीची, सगळे वर्ग एकत्र, मध्ये शेगडी, अन् तिच्या भोवती वीस-पंचवीस ओले हातमोजे वाळत घातलेले. ओल्या लोकरीचा तो वास, मेंढ्यांच्या वाड्यातून पावसात गेला असशील तर तुला समजेल.

अन् कपडे वाळायचे कसे हे कोणी विचारलंच नाही. दोरीवर टाकले की मिनिटात गोठायचे. आतला तो लांब पोशाख फळीसारखा ताठ व्हायचा, तसाच उचलून घरात आणायचा, भिंतीला टेकवून उभा केला की चुलीच्या उबेनं हळूहळू गुडघ्यात वाकायचा, मग कमरेत, अन् मग बसायचा.

मुलांचे अन् मुलींचे कपडे वेगळे असायचे का?
— वाचक, आर्वी

तान्हेपणी नाही, दोघांनाही झगाच, लंगोट बदलायला सोपं म्हणून. आपलं झबलं तरी कुठं वेगळं असते. पुढं पोराला बापासारखी छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्ट्यांची जाड डेनिमची डांगरी, एडमंटन गावच्या ग्रेट वेस्टर्न गारमेंट कंपनीची, ती १९११ पासूनची, फार टिकाऊ. पोरीला फ्रॉक अन् वर ॲप्रन, कारण ॲप्रन धुणं सोपं. पण वावरात राबायचं असलं की भावाची जुनी डांगरी बहिणीच्या अंगावर यायचीच, तेव्हा कोणी पोरगा-पोरगी पाहात नव्हतं.

विकत काहीच घेत नव्हते काय? मग तिथले कापड दुकानदार जगायचे कसे?
— आठवडी बाजारातला एक रेडिमेडवाला, मोर्शी

भाऊ, तुमची काळजी रास्त आहे! घ्यायचे, पण तुमच्यासारख्याकडून कमी अन् पुस्तकातून जास्त. टोरंटोची ईटन्स नावाची कंपनी, तिनं १८८४ पासून एक जाडजूड कॅटलॉग काढला, त्यात बूट, कोट, चोळ्या, नांगर, चुली, सगळं चित्रांसकट. १९०५ ला विनिपेगला दुकान काढलं अन् मग पश्चिमेकडच्या गव्हाच्या मुलखात घरोघरी ते पुस्तक गेलं. मनिऑर्डर पाठवा, माल रेल्वेनं येतो, अन् पसंत नाही तर पैसे परत ही त्यांची हमी. आजचं ऑनलाइन जे तुमच्या पोटावर आलं आहे ना, ते तेव्हा तिथल्या गावच्या दुकानदाराच्या पोटावर आलेलंच होतं.

पण घेणार काय, तर जे घरी होत नाही ते. बूट, रबरी वरचे बूट, ते लांब मोजे, आतला पोशाख. बुटासाठी लेकराचा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची अन् माप एक नंबर मोठंच लिहायचं, पुढं कागदाचा बोळा कोंबायचा. उन्हाळाभर अनवाणी, म्हणजे बूट वाचतो. बाकी कॅटलॉग म्हणजे बाईसाठी नमुन्याचं पुस्तक, चित्र पाहायचं, गळा कसा आहे, खिसा कुठं आहे, अन् घरच्या पायमशीनवर तसंच जुन्या कापडातून उतरवायचं. नवीन कॅटलॉग आला की जुन्यातली चित्रं कापून पोरी बाहुल्या करायच्या, पोरं हॉकी खेळताना नडगीला बांधायची, अन् उरलेला संडासात. (तिकडं पाण्याचा रिवाज नाही हे तुम्हाला सांगायला नको.)

तुम्ही कॅनडाचं काय घेऊन बसल्या? आमच्या विदर्भातल्या लेकरांच्या अंगावर काय होतं ते कोण लिहिणार? तिकडचे गरीब म्हणजे आपल्याकडचे पाटीलच.
— एक निवृत्त कर्मचारी, पुसद

दादा, राग मान्य. अन् तुमचं शेवटचं वाक्य अर्धं खरंही आहे. तिकडं पश्चिमेत सरकार १८७२ च्या कायद्यानं दहा डॉलर फीमध्ये १६० एकर जमीन देत होतं, घर बांधा, काही वर्षं राहा, जमीन फोडून दाखवा अन् नावावर करून घ्या. आपल्या शेतमजुराला अशी जमीन स्वप्नात मिळत नव्हती. पण ती जमीन रिकामी नव्हती, मूळच्या आदिवासींची होती, अन् त्यांच्या लेकरांच्या कपड्याची गोष्ट वेगळीच आहे. त्यांना निवासी शाळांमध्ये नेत, १९२० च्या कायदा-दुरुस्तीनंतर तर सक्तीनं, अन् गेल्या-गेल्या पहिलं काम म्हणजे केस कापायचे अन् आईनं शिवलेले कपडे काढून घेऊन शाळेचे एकसारखे घालायचे. पोत्याच्या चड्डीवर हसता येते, याच्यावर नाही.

राहिलं आपलं. त्याच काळात आपल्याकडं काय होतं ते पाहा. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू, आपला कापूस गाड्या भरभरून मुंबईला अन् तिथून बाहेर. १९३० नंतर मंदीत जसा तिकडं गव्हाचा भाव पडला तसाच इकडं कापसाचा. गांधीजी १९३४ ला वर्ध्याला आले, १९३६ ला सेवाग्रामला राहायला गेले, अन् आजूबाजूच्या गावांत टकळी-चरखा फिरायला लागला. मला जी गोष्ट डाचते ती ही, की तिकडच्या गहू पिकवणाऱ्याच्या वावरात कापसाचं बोंड उगवूच शकत नाही, त्याच्याकडं कापूस यायचा तो पिठाचं पोतं होऊन, म्हणून बाई त्या वारभर कापडाला जीव लावायची. अन् आमच्या आज्याच्या घरात छतापर्यंत कापूस भरलेला असायचा, आम्ही लेकरं त्यात उड्या मारायचो, अंगाला खाज सुटेस्तोवर, अन् अंगात मात्र मोठ्या भावाची मांडीवर फाटलेली चड्डी. कापूस व्यापाऱ्याकडं जायचा, कापड दिवाळीला यायचं, झालंच तर पोळ्याला. विदर्भातल्या लेकरांच्या कपड्यावर तुमच्याकडं आठवणी असतील तर पाठवाच, मी हात जोडून सांगते, अख्खा अंक काढू.

मंदीच्या काळात फारच हाल झाले म्हणतात, त्याबद्दल सांगा.
— वाचक, समुद्रपूर

झाले. आधीच भाव पडलेला, १९३२ च्या शेवटी गव्हाला बुशेलमागं, म्हणजे सव्वासत्तावीस किलोला, चाळीस सेंटच्या आसपास मिळत होते. वरून कोरडा दुष्काळ, धुळीची वादळं, टोळ. १९३७ ला सस्कॅचेवानमध्ये एकरी सरासरी तीन बुशेलही गहू झाला नाही, खर्चही वसूल नाही. आपल्याकडच्या बहात्तरच्या दुष्काळाची आठवण काढा. पूर्वेकडच्या प्रांतांतून चर्चवाले, गाववाले यांनी रेल्वेच्या डब्यांत सफरचंदं, भाजीपाला, खारवलेले मासे अन् जुने कपडे भरून पाठवले. त्या सुक्या माशाचं काय करायचं ते गहूवाल्यांना कळेना, कोणी म्हणे छपराला ठोकला. आपल्याकडं बहात्तरला ती तांबडी मिलो ज्वारी आली तेव्हा लोकांनी जी तोंडं केली होती तसंच. कपड्यांचं मात्र सोनं झालं. शहरातल्या बाईचा फरची कॉलर असलेला कोट आला की कॉलरचे लेकरांच्या टोपीला कानपट्टे, अन् कोटाचे दोन लहान कोट.

तेव्हाचे पंतप्रधान बेनेट, १९३० ते १९३५, श्रीमंत गडी, लग्न केलेलं नाही. लोकांचा त्यांच्यावर राग इतका की पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून मोटारीचं इंजिन काढून घोडा जुंपायचे त्या गाडीला बेनेट बग्गी नाव पडलं. अन् तरी त्याच बेनेटला हजारो लोक पत्रं लिहायचे, त्यात लेकरंही, की आम्हाला शाळेत जायला कोट नाही, बूट नाहीत. सस्कॅचेवानच्या एका बाईनं १९३३ मध्ये नवऱ्यासाठी आतला गरम पोशाख मागितला होता, अन् त्यांनी तो पाठवला. अशा बऱ्याच पत्रांना ते खिशातून पाच डॉलरची नोट घालून उत्तर द्यायचे. सरकार म्हणून द्यायचं नाही अन् माणूस म्हणून द्यायचं, हा काय प्रकार ते मला आजपर्यंत समजलं नाही. लेकरांसाठी दर महिन्याला सरकारी पैसा सुरू झाला तो थेट १९४५ ला, अन् तो आईच्या नावानं. बऱ्याच घरी पहिले बूट त्यातूनच आले.

मी शिवणक्लास करते. जुन्या मोठ्या कोटातून लेकराचा कोट कसा काढायचा? तिकडच्या बायका कशा काढायच्या?
— एक मुलगी, उमरखेड

शाबास, हा खरा प्रश्न. पहिली गोष्ट, कात्री लावायची नाही, आधी उसवायचं. प्रत्येक शिवण ब्लेडनं हळू उसवायची, दोऱ्याचे तुकडे वेचायचे, बटणं एका डब्यात. तिकडं प्रत्येक घरात असा बटणांचा डबा असायचा, आजारी लेकराला खेळायला तोच द्यायचे. मग सगळे तुकडे धुवायचे अन् ओलसर असतानाच उलट्या बाजूनं इस्त्री. आता कापड उलटं करून पाहा. वरची बाजू उन्हानं विटलेली असते, आतली जवळजवळ नवी. म्हणून आतली बाजू वर घेऊन शिवायचं, त्याला ते कोट उलटवणं म्हणायचे. फक्त बटणं-काज बाजू बदलतात ते ध्यानात ठेव, जुनं काज रफू करून पट्टीखाली लपव.

बेतताना झिजलेली जागा, म्हणजे कोपर, खिशाची कड, बगलेचा मुंढा, ही सोडून चांगली जागा शोध, सहसा पाठीचा मधला भाग सगळ्यात धड असतो. उभा धागा उभाच ठेव, कापड वाचवायच्या नादात आडवा घेतलास तर दोन महिन्यांत कोपराला पोक येईल. अन् खाली पदर चार बोटं जास्तीचा दुमडून ठेव, दरवर्षी एक बोट सोडायचा. तिकडच्या लेकरांच्या कोटांवर या सोडलेल्या दुमडीच्या रेषा दिसतात, एकाखाली एक, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या, पोरगं किती वर्षं त्यात वाढलं ते मोजून घ्या.

स्वेटरचंही तसंच, उसवायचं, लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून ओली करायची म्हणजे वळ्या जातात, परत विणायचा. पायमोज्याची टाच गेली तर फक्त पाऊल कापून नवीन पाऊल विणून जोडायचं. या गोष्टी शिकवायला बायांची मंडळं होती, आपल्या बचत गटासारखी, ऑन्टारिओत स्टोनी क्रीक इथं १८९७ ला पहिलं निघालं. अन् पूर्वेला नोव्हा स्कोशियातल्या केप ब्रेटन बेटावर घरी विणलेलं लोकरी कापड घट्ट करायला माणसं-बाया मोठ्या टेबलाभोवती बसून ओलं कापड गाण्याच्या ठेक्यावर आपटायची. स्कॉटलंडहून आलेल्या लोकांच्या गॅलिक भाषेतली गाणी. भाचीनं व्हिडिओ पाठवला तेव्हा मी जात्यावर बसलेल्या माझ्या आजीला पाहात होते असंच वाटलं.

बाई, एक हिशेब करून पाहा. एक कोट उलटवायला तुझे किती तास लागले ते वहीत लिही. मग कोणी म्हटलं की फुकटात झाला, तर वही दाखव.

लेकरांच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधतात तसं तिकडंही होतं हे खरं का?
— एक आजी, वरोरा

खरं आहे आजी. १९१८ च्या साथीच्या तापात तर फारच, अन् पुढंही कितीतरी वर्षं. फडक्याची लहान पिशवी, आत कापूर, सदऱ्याच्या आत. छातीला हंसाची चरबी चोळून वर फ्लॅनेलचा तुकडा. त्यानं साथ काही थांबली नाही. पण लेकराजवळ कोणी फिरकत नसेल वासानं, तेवढाच उपयोग.

ताई, अशी चड्डी म्युझियममध्ये एकच कशी? लाखो लेकरांनी घातली असेल ना?
— वाचक, दिग्रस

घातली, म्हणूनच उरली नाही. लग्नाचा झगा, बाप्तिस्म्याचा झालरवाला फ्रॉक, हे लोक पेटीत जपतात. रोजचं कापड मोठ्याकडून मधल्याकडं, मधल्याकडून धाकट्याकडं, मग गोधडीत, गोधडी फाटली की चिंध्या विणून पायपुसणं, अन् पायपुसणं विरलं की बोळा करून खिडकीच्या फटीत, वारं येऊ नये म्हणून. शेवटी मातीच. आपल्या वाकळीत आजीचं लुगडं अन् काकाचा सदरा एकावर एक झोपलेले असतात तसं.

हाच प्रश्न मी भाचीला विचारायला लावला. म्युझियम सांभाळणारी म्हातारी बाई म्हणाली, ही चड्डी तिच्या घरातल्याच पेटीतली, तिच्या मावशीची. त्या पोरीला लहान झाल्यावर आईनं धुऊन, घडी घालून ठेवली होती, पुढच्या लेकराला म्हणून. पुढचं लेकरू झालंच नाही.